नव्या मत्स्यटाकीतले मासे जगवताना: पहिल्या दोन महिन्यांचे काम

नवी टाकी घरी येते, पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी पिशवीतले मासे त्यात सोडले जातात. पहिले तीन-चार दिवस सगळे ठीक वाटते. मग मासे अन्नाकडे पाठ फिरवतात, पंख अंगालगत मिटून एका कोपऱ्यात थांबतात, काही पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंडाची उघडझाप करू लागतात आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत निम्मी टाकी रिकामी होते. पाणी मात्र या सगळ्या काळात नितळ दिसत असते, त्यामुळे दोष माशांवर, अन्नावर किंवा विकणाऱ्यावर जातो. माझ्या पहिल्या टाकीत हेच घडले. एका पहाटे दिवा लावला तेव्हा गप्पीची एक मादी हीटरच्या नळीला टेकून उभी होती. तिचे कल्ले इतक्या वेगाने हलत होते की मोजता येत नव्हते आणि त्यांच्या कडा लालसर, सुजलेल्या दिसत होत्या. तिला ताकद यावी म्हणून मी जास्तीचे अन्न टाकले. त्या वेळी याहून वाईट दुसरे काही करता आले नसते, आणि ते का, हे कळायला मला बरेच महिने लागले. म्हणून या लेखाची सुरुवात कारणापासून केली आहे. ते एकदा नीट समजले की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

पाण्यात नेमके काय घडते

माशाने खाल्लेल्या प्रथिनांतले नको असलेले नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात, दिवसरात्र पाण्यात उतरत असते. विष्ठा, उरलेले अन्न आणि कुजणारी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. तळ्यात तो अफाट पाण्यात विरून जातो आणि वनस्पती व जिवाणू तो वापरून टाकतात; साठ लिटरांच्या काचेच्या पेटीत त्याला जायला जागाच नसते. अमोनिया साठत गेला की कल्ल्यांची नाजूक त्वचा दुखावते आणि माशाला स्वतःच्या रक्तातला अमोनिया बाहेर टाकणेही अवघड होते. अमोनियाला रंग नसतो आणि एवढ्या कमी प्रमाणात वासही येत नाही, म्हणून पाण्याच्या नितळपणावरून काहीही ठरवता येत नाही.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हे घडत नाही, कारण तिथे जिवाणूंचे दोन गट काम करत असतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. मधला पदार्थ, म्हणजे नायट्राइट, हाही विषारीच आहे: तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप असे बदलतो की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. शेवटचा नायट्रेट त्या मानाने सौम्य असतो आणि आठवड्याला थोडे पाणी बदलून तो आटोक्यात ठेवता येतो. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतात असे पूर्वी मानले जाई. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करत असल्याचे दिसले, आणि २०१५ मध्ये याच कुळातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकटे पार पाडतात हेही सिद्ध झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली, हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरचा स्पंज, खडी, लाकूड अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात, म्हणून दुसऱ्याच्या टाकीतले ‘जुने पाणी’ बादलीभर आणून ओतल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. दुसरी, ते सावकाश वाढतात. अन्न नासवणारे साधे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, या गटांना मात्र चांगल्या परिस्थितीतही कित्येक तास, अनेकदा दिवसभर लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यासाठी चार ते सहा आठवडे जातात, आणि मासे मरतात ते नेमके याच अवधीत.

टाकी, जागा आणि फिल्टर

सुरुवात करणाऱ्याने लहान टाकी घ्यावी, हा अनेकदा दिला जाणारा सल्ला मला चुकीचा वाटतो. पाणी जितके जास्त तितके त्यातले बदल सावकाश होतात आणि चूक सुधारायला तितका वेळ मिळतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकी घ्यावी. तिन्ही मापांचा गुणाकार करून १००० ने भागले की सुमारे ६५ लिटर होतात. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५० ते ५५ लिटर राहते आणि औषधाचे किंवा पाणी बदलण्याचे प्रमाण काढताना हाच आकडा धरावा. गोल काचेचे भांडे कोणत्याही माशासाठी घेऊ नये. त्यात फिल्टर बसत नाही, पाणी कमी असते आणि काठोकाठ भरल्यावर हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग फारच लहान उरतो.

भरलेल्या टाकीचे वजन काच आणि खडी धरून ८० ते ९० किलो होते, तेव्हा तिच्याखालचा आधार सपाट आणि भक्कम हवा. खिडकीतले थेट ऊन टाळावे, कारण त्याने पाणी तापते आणि शेवाळ माजते. खडी बादलीत घेऊन, वरचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. टाकीत जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला साबण लावू नये.

फिल्टरबद्दल एकच आग्रह धरतो: त्यात मोठा, जाड स्पंज असावा आणि तो चोवीस तास चालू राहावा. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर नव्या माणसासाठी उत्तम असतो, कारण त्यात जिवाणूंना जागा आणि माशांना हवा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात. आवाजामुळे रात्री फिल्टर बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की स्पंजातल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि थांबलेल्या फिल्टरमध्ये ते काही तासांतच गुदमरू लागतात. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी त्याखाली जात असेल तर थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो. फार तापलेले पाणीही बरे नव्हे, कारण २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि जिवाणूंना, दोघांनाही मारतो. साधा क्लोरीन असेल तर पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवल्याने, किंवा त्यात एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला तर त्याहून लवकर, उडून जातो. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते पाणी नुसते ठेवून निघत नाही. त्यासाठी क्लोरीन घालवणारे द्रावणच वापरावे लागते. आपल्या पाण्यात काय असते ते पाणीपुरवठा करणाऱ्यांना विचारून घ्यावे.

मासे आणण्याआधी टाकी तयार करणे

यालाच टाकी ‘सायकल’ करणे म्हणतात. सगळ्या कामात हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे, कारण या काळात टाकीत बघण्यासारखे काहीच नसते. तरीही रिकाम्या टाकीसमोर काढलेले हे पाच आठवडे पुढची कित्येक वर्षे सोपी करतात.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे ते सांगणारा आकडा) मोजणारा, थेंबांच्या द्रावणांचा चाचणी संच आधी घ्यावा. पट्ट्यांपेक्षा तो अधिक भरवशाचा असतो, आणि ज्यात अमोनियाची चाचणीच नाही असा संच या कामाला निरुपयोगी आहे. टाकी भरून, फिल्टर आणि हीटर सुरू करून, सुगंध किंवा साबण नसलेले शुद्ध अमोनियाचे द्रावण थोडे थोडे घालावे आणि चाचणीत प्रतिलिटर २ मिलिग्रॅम दिसले की थांबावे. बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर त्यात साबणासारखे काहीतरी मिसळलेले आहे असे समजून ती वापरू नये. हे द्रावण हवेशीर जागी हाताळावे आणि ब्लीचजवळही नेऊ नये, कारण दोन्ही मिसळल्यास विषारी वायू तयार होतो. शुद्ध अमोनिया मिळत नसेल तर माशांच्या अन्नाची चिमूट रोज टाकून तिला कुजू द्यावे. हा मार्ग हळू आणि अस्वच्छ आहे, पण काम होते.

पुढे दर दोन दिवसांनी चाचणी घेऊन वहीत नोंद करावी. पहिला आठवडा-दहा दिवस अमोनिया जागचा हलत नाही आणि आपले काहीतरी चुकले असे वाटू लागते. मग एके दिवशी तो थोडा उतरतो आणि नायट्राइट पहिल्यांदा दिसतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा २ पर्यंत नेत राहावे. नायट्राइट चढतच जातो आणि दोन-तीन आठवडे वरच अडकून बसतो. माझ्या वहीत नायट्राइटच्या नळीसमोर ‘गडद जांभळा’ हा एकच शब्द ओळीने सतरा दिवस लिहिलेला आहे आणि अठराव्या दिवशी ‘फिका निळा’. हा उतार एकदा सुरू झाला की झपाट्याने होतो. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि हे सलग दोन-तीन दिवस जमले, की टाकी तयार झाली. तोवर नायट्रेट बराच साठलेला असतो, म्हणून निम्म्याहून अधिक पाणी बदलून एक-दोन दिवसांत मासे आणावेत. त्याहून जास्त थांबायचे असेल तर जिवाणूंना रोज थोडा अमोनिया देत राहावे.

मधेच सगळे थांबल्यासारखे वाटले तर पीएच पाहावा. या जिवाणूंच्या कामात पाण्यातला क्षारीय साठा खर्च होतो, आणि मुळातच मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात पीएच ६ च्या आसपास घसरला की त्यांचे काम मंदावते. थोडे पाणी बदलले की बहुधा ते पुन्हा चालू लागते.

हा काळ कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज आपल्या फिल्टरात बसवणे. तो ओलाच ठेवून तासाभरात आणला तर आठवड्या-दोन आठवड्यांतही टाकी तयार होते. बाटलीबंद जिवाणूंची द्रावणे मदत करू शकतात, पण सगळी सारखी नसतात, म्हणून ती वापरली तरी चाचणीवरच विश्वास ठेवावा. भरपूर जिवंत वनस्पती, विशेषतः हॉर्नवर्टसारख्या वेगाने वाढणाऱ्या, अमोनिया थेट शोषून घेतात. नव्या टाकीत त्या पहिल्या दिवसापासून असाव्यात असे मला मनापासून वाटते.

मासे आधीच टाकीत असतील तर

हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या टाकीत मासे आधीच असतील. त्यांनी घाबरून टाकी उपसू नये आणि खडी, स्पंज सगळे धुऊन नव्याने सुरुवात तर मुळीच करू नये, कारण त्याने जमलेले थोडेसे जिवाणूही जातात. आजच अमोनिया आणि नायट्राइट मोजावा. दोहोंपैकी एखादा प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ३० ते ५० टक्के पाणी, क्लोरीन घालवलेल्या आणि तितक्याच तापमानाच्या पाण्याने, लगेच बदलावे आणि आकडे खाली येईपर्यंत हे रोज करावे. पाणी बदलल्याने सायकल लांबते ही भीती अनाठायी आहे. जिवाणू स्पंजाला चिकटलेले असतात आणि थोड्या अमोनियावरही ते वाढतात.

अन्न एक दिवसाआड आणि चिमूटभर द्यावे, कारण टाकीत जाणारा प्रत्येक कण उद्याचा अमोनिया असतो. माझी त्या पहाटेची चूक हीच होती. एअर पंपाचे बुडबुडे वाढवावेत. त्रास नायट्राइटचा असेल तर दर १० लिटर पाण्यामागे साधारण १ ग्रॅम साधे, काहीही न मिसळलेले मीठ विरघळवून घालावे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्याला अटकाव करतो. पुढे पाणी बदलताना जितके पाणी काढले तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे.

पीएचचा आकडाही सोबत वाचावा, कारण एकच अमोनिया दोन टाक्यांत वेगळा वागतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी फक्त एक तीव्र विषारी असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्क्याहून किंचित अधिक भाग या विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पीएच एकाने वाढला तर तोच अमोनिया जवळजवळ दहापट घातक होतो. अशा टाकीत पीएच ‘सुधारणारी’ रसायने घालू नयेत.

कोणते मासे, किती आणि कसे सोडावेत

मासा आज केवढा आहे हे न पाहता तो पुढे केवढा होईल हे पाहावे. शेवाळ खाईल म्हणून आणलेला बोटाएवढा सकर मासा फूटभर किंवा त्याहून लांब वाढू शकतो आणि भरपूर घाण करतो. गोल्डफिश साध्या टाकीसाठी सोपा समजला जातो, तो तसा नाही. तो मोठा होतो, त्याला थंडसर पाणी आवडते आणि त्याचा अमोनिया लहान माशांच्या मानाने कितीतरी जास्त असतो. पन्नास लिटरांच्या टाकीत पहिल्यांदा पाच-सहा झेब्रा डॅनिओ किंवा गप्पी, एवढेच आणावेत. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना थोडे जड पाणी मानवते आणि त्यांच्या माद्या एकदा साठवलेल्या बीजावर कित्येक महिने पिल्ले देत राहतात, तेव्हा गर्दी नको असेल तर फक्त नर घ्यावेत. निऑन टेट्रा सहा किंवा अधिकांच्या थव्यातच धीट राहतो, आणि तो टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावर आणलेला बरा. दोन नर फायटर एकत्र ठेवू नयेत.

पहिल्या माशांनंतर दोन आठवडे थांबून, चाचणी शून्य असेल तरच पुढचे मासे आणावेत. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात असते; मासे एकदम दुप्पट केले तर ती लगेच दुप्पट होत नाही.

घरी आणल्यावर टाकीचा दिवा बंद करून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचे पाणी तीन-चार वेळा घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. मासे फार लांबून, बरेच तास पिशवीत राहून आले असतील तर उघडल्यावर वेळ लावू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो.

रोजचे आणि आठवड्याचे काम

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न. त्याच वेळी मासे मोजावेत आणि त्यांचे वागणे पाहावे. आजाराची पहिली खूण बहुधा न खाणाऱ्या माशातच दिसते. दिवा आठ तास पुरतो. नव्या टाकीत पाणी काही दिवस दुधाळ होते किंवा काचेवर तपकिरी थर येतो. दोन्ही आपोआप जातात, त्यासाठी औषध घालू नये.

आठवड्यातून एकदा २० ते २५ टक्के पाणी सायफनने, खडीतली घाण ओढत काढावे. महिन्यातून एकदा स्पंज पिळावा, तोही नळाखाली न धरता, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. तो पांढराशुभ्र करायचा नसतो. पाणी वाहू लागले की पुरे. फिल्टरात दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नयेत किंवा बदलू नयेत. वीज गेली तर अन्न बंद ठेवावे आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावावा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर सुरू करण्याआधी आतले कुजलेले पाणी ओतून टाकावे.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासे खडीला अंग घासू लागले, तर तो इकथिओफ्थिरियस नावाचा परजीवी असतो. ठिपक्याच्या आत असेपर्यंत त्याला औषध लागू पडत नाही. तो बाहेर पडून, तळाशी विभागून, त्याची पिल्ले पोहू लागली की तेवढ्याच काळात ती औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले तरी बाटलीवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवावे. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवण्याची सोय असेल तर हा आजार मोठ्या टाकीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

गावाला जायचे असेल तर चार-पाच दिवस, धडधाकट मोठे मासे असतील तर आठवडाभरही, उपाशी ठेवलेले चालतात. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे, पण स्पंजाला हात लावू नये. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हाती अन्नाचा डबा देऊ नये. एक दिवसाआडच्या चिमटींच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवून जावे.